अण्णांच्या कपाटातली बंडाची चित्रं

अण्णा गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, महानंदानं केला, तेव्हा मी भाकरी थापत होते. 'बरं' एवढंच म्हणाले आणि उरलेल्या दोन्ही भाकरी भाजून घेतल्या. महिना झाला, रडू अजून आलेलं नाही...

सोलापूरच्या नवी पेठेत अण्णांचं तसबिरींचं दुकान. देवांच्या फोटोंना चौकटी करून ते पोट भरत. पण आतल्या कपाटात इंग्रजांविरुद्धच्या बंडांची जुनी छापील चित्रं जमवलेली. मी शाळेत इतिहास शिकवायची, म्हणून ती बघायला जायची. विलायती वर्तमानपत्रांतल्या चित्रांत साहेब शांत, रेखीव, आणि बंडवाले सगळे एकाच राक्षसाच्या चेहऱ्याचे. आपल्या बाजारात छापलेल्या रंगीत चित्रांत उलटं : फासावर जाणारा हसतमुख, डोक्यामागं तेजाचं वलय. "दोन्हीकडं भ्यालेला माणूस कुटं हाय, सांगा की बाई," अण्णा म्हणायचे. मी हसून सोडून द्यायची.

निवृत्तीच्या वर्षी शाळेतल्या प्रदर्शनासाठी मी ती चित्रं मागितली. अण्णा स्वतः घेऊन आले आणि मुलांसमोर बोलायला उभे राहिले. "तीस साली इंग्रजांनी हितं मार्शल लॉ लावला, गांधी टोपी दिसली की मारायचे, तवा माजे वडील अठरा वर्सांचे. गांधी टोपी घालून निघाले व्हते. चौकात गोरे सोजीर दिसले. टोपी काडली, गटारीत टाकली आन् पळाले. जन्मभर परत टोपी घातली न्हाय." मुख्याध्यापकांनी घाईघाईनं आभार मानले. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "अण्णा, बापाची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडायची गरज होती का?" ते चित्रं बांधत राहिले. "तुमी तरी समजून घ्याल वाटलं व्हतं," एवढंच बोलले. त्यानंतर वर्षभर मी त्या रस्त्याला गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ... आणि मग फोनच आला.

परवा महानंदानं बोलावून खाकी कागदातलं एक पुडकं हातात दिलं. वर 'बाईंसाठी' लिहिलेलं. आत अण्णांनी स्वतः पेन्सिलीनं काढलेलं चित्र : अरुंद बोळ, भिंतीला चिकटून उभा पोरगा, डोकं उघडं. हात नीट जमले नव्हते. डोळ्यांपाशी खोडून खोडून कागद झिजलेला.

"गेलं वर्षभर हेच करत बसायचे," महानंदा म्हणाली.

जुळे सोलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलासमोर मी ते लावलं. सुनेनं विचारलं, "कोण हो हे, आई?"

"अण्णांचे वडील," मी म्हणाले. "घाबरलेत."

ती पुढचं ऐकायला थांबली. मी डोळ्यांपाशी झिजलेल्या त्या कागदावर बोट ठेवलं.