सुपारीचं वऱ्हाड

ठाण्याच्या कोपरीतल्या वाण्याच्या दुकानात इंदूमावशी सुपारी घ्यायला आल्या की वाणी पोतं पुढे ओढायचा आणि न सांगता स्टूल द्यायचा. त्यांचं काम पाच मिनिटांत उरकणारं नव्हतंच. त्या एकेक सुपारी उचलायच्या, अंगठ्याने गोल फिरवायच्या आणि निकाल द्यायच्या. "हिला हनुवटीच नाही, ठेव परत." "हे भटजी. दक्षिणा कमी पडल्यासारखं तोंड आहे." "ही नवरीची आत्या. नाक बघ, आल्यापासून रुसलेली." मागे गिऱ्हाइकं खोळंबायची, पण कोणी तक्रार करत नसे. उलट एखादी बाई आपल्या पिशवीतली सुपारी पुढे करून विचारायची, "मावशी, हा कोण?"

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी वायरिंग करायचो आणि विजेतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. पहिल्याच दिवशी मावशींनी माझ्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझ्यासारखी एक सुपारी आहे माझ्याकडे. घाबरू नकोस, चांगल्यातली आहे." अशा बाईशी ओळख वाढवावी लागत नाही, ती आपोआप वाढते.

मावशी लग्नाच्या रुखवतात मांडायच्या सुपारीच्या बाहुल्या करायच्या. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्या कुठल्या लग्नांत त्यांचे वाजंत्री, करवल्या आणि नवरीमागे उभे राहिलेले मामा गेले असतील, त्याची गणती नाही. चेंदणीच्या कोळीवाड्यातली एक बाई एकदा थेट दारात येऊन बसली. म्हणाली, "माजे पोरीचे रुखवतान होरी पायजे, नी होरीन नाखवा पायजे. भटबिट मंग बघू." मावशींनी आयुष्यात होडी जवळून पाहिली नव्हती. त्या दोन दिवस खाडीवर जाऊन बसल्या. मग त्यांनी केलेला नाखवा इतका हुबेहूब उतरला की त्या बाईने कपाळाला हात लावला. "अगो, यो त माजा सासराच!" मावशींनी तिच्या सासऱ्याला कधी पाहिलंही नव्हतं. "सुपारीतच असतो गं माणूस," त्या म्हणाल्या, "आपण फक्त डोळे काढायचे."

सगळं वऱ्हाड असं दुसऱ्यांच्या घरी जायचं. एकच त्यांनी स्वतःजवळ ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीत काचेचं शोकेस होतं आणि त्याच्या तीन फळ्यांवर अख्खं लग्न उभं होतं. ते त्यांचं स्वतःचं लग्न. त्यांच्या लग्नात फोटोग्राफरने फिल्मचा रोल उजेडात उघडला आणि एकही फोटो आला नाही. नवरा गेला, आईवडील त्याआधीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. मग मावशींनी आठवून आठवून ते लग्न सुपारीचं केलं. बेचाळीस माणसं. मधल्या फळीवर अंतरपाट, एका बाजूला मुंडावळ्या बांधलेले काका आणि दुसऱ्या बाजूला हिरव्या शालूतल्या मावशी, कपाळावर तांदळाच्या दाण्याएवढं कुंकू.

तळमजल्यावरची ती खोली भर दुपारीही अंधारी असायची. शोकेसमधली माणसं नीट दिसायचीच नाहीत. मी म्हटलं, "मावशी, यात दिवे बसवतो. काय दिसेल तुमचं लग्न!" त्या हसल्या. "बसव. पण घाई नाही हो. वऱ्हाड कुठे पळून चाललंय?"

मी वरच्या फळीच्या आतून झीरोचे दोन बल्ब लावले. दिसायला सुरेख दिसलं. पण बल्ब तापतो, काचेचं दार बंद असतं आणि पगड्या मेणाने चिकटवलेल्या असतात, या तीन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहतो तर वरच्या फळीवरच्या सगळ्या पगड्या कानावर आलेल्या आणि एका मिशाळ गृहस्थाची पगडी पार गळ्यात. मी ओशाळलो. मावशी मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "मामंजींची पगडी जन्मात कोणापुढे उतरली नाही रे, ती तू उतरवलीस! आमच्या लग्नाला उजेड मानवतच नाही." आठ दिवस बसून त्यांनी सगळ्यांच्या पगड्या पुन्हा चढवल्या.

आता हे प्रकरण माझ्या इभ्रतीचं झालं. आमच्या पॅनलवर यंत्र चालू असल्याची खूण म्हणून लाल एलईडी लावायचे, डाळीएवढे. दिवसभर जळले तरी बोटाला गार लागायचे. मी तसले तीस दिवे पट्टीवर बसवले, शोकेसमध्ये लावले आणि मावशींना समोर उभं करून बटण दाबलं. सगळं वऱ्हाड लालेलाल झालं. मी शाबासकीची वाट पाहत होतो. मावशी काचेजवळ वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"अवी, हिचं कुंकू कुठंय?"

मी पाहिलं. लाल उजेडात लाल कुंकू उठून दिसतच नव्हतं. कपाळ मोकळं होतं आणि शालू काळा पडला होता. मी त्यामागचं शास्त्र समजावून सांगायला लागलो. मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, "बंद कर बाबा. एकदा पुसलंय, तेवढं पुरे."

त्या आवाजाने मला खरं तर शहाणं करायला हवं होतं. पण मला त्यात फक्त एक अवघड कोडं दिसलं. हिरवे दिवे आणले तर सगळे आजारी दिसले. पिवळे आणले तर मावशी म्हणाल्या, "वऱ्हाडाला कावीळ झाली." त्यांनीच एकदा सुचवलं, "अरे, बाहेरून एक साधी ट्यूब लाव ना समोर. स्वयंपाकघरात आहे तशी." मी हसलो. बाहेरची ट्यूब काचेत चमकेल, मजा जाईल, आणि थोड्या दिवसांत पांढरे एलईडी निघणार आहेत, असं मी त्यांना ऐकवलं. कुठल्याशा मासिकात मी तसं वाचलं होतं. "थांबा थोडं, मावशी." त्या म्हणाल्या, "थांबते की."

माझं लग्न झालं, मी डोंबिवलीला घर घेतलं. अधूनमधून रविवारी कोपरीला जायचो. चहा, पोहे आणि माझं ठरलेलं वाक्य, "अजून आले नाहीत बाजारात." पूर्वी त्या लगेच म्हणायच्या, वऱ्हाड कुठे पळून चाललंय. एका रविवारी म्हणाल्या, "वऱ्हाड आहे तिथेच आहे रे. माझंच काही सांगता येत नाही." म्हातारी माणसं असं बोलतातच, म्हणून मी ते सोडून दिलं. त्याच सुमाराला त्यांनी केलेल्या एका नवरीचे डोळे खालीवर झाले होते. मी थट्टा केली, "मावशी, ही नवरी तिरळी आहे हो." त्या म्हणाल्या, "हो का? बघू," आणि ती बाहुली त्यांनी पदराखाली घेतली. मला तेव्हाही काही सुचलं नाही. त्यांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी त्यांना केव्हाच सांगितलं होतं. हे मला फार उशिरा, वाण्याकडून कळलं. तोही सहज बोलून गेला, मावशी हल्ली सुपाऱ्या न बघता नुसत्या चाचपून घेतात म्हणून.

नव्वदचं दशक संपता संपता पांढरे एलईडी मिळाले. मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात चार खेपा घातल्या तेव्हा वीस हाती लागले. रविवारी सकाळीच मी कोपरी गाठली. मनात धाकधूक होती, पण थोडं तरी दिसत असेलच असं मी स्वतःला बजावत होतो. दुपारपर्यंत भोकं पाडली, पट्ट्या बसवल्या, वायरी लपवल्या. मावशी खुर्चीत बसून आवाज ऐकत होत्या. मी बटण दाबलं.

पंधरा वर्षांत मी ते लग्न असं पाहिलंच नव्हतं. शालूचा हिरवा रंग, जरीची बारीक किनार, अक्षता उगारलेले हात, कोणाच्या तरी हनुवटीवरचा तीळ. मी ओरडलोच, "मावशी, कुंकू लाल दिसतंय! अगदी लाल!"

"बरं झालं हो," त्या म्हणाल्या. उठल्या, भिंतीच्या आधाराने पुढे आल्या आणि काचेवर तळवा टेकवला. तो त्यांनी फळीफळीने फिरवला आणि माझ्याकडे मान वळवून, थोडं चुकलेल्या दिशेला बघत विचारलं, "लावलेस का रे दिवे?"

"लावलेत, मावशी."

"मग ऊब कशी नाही लागत?"

तापू नयेत म्हणून तर मी इतकी वर्षं घालवली होती. मावशींनीच मला सावरून घेतलं. "हो हो, ते गार असतात ना. विसरलेच मी. आता पगड्यांची काळजी नाही."

स्वयंपाकघरातल्यासारखी एक ट्यूब. ती लावायला मला अर्धा तास लागला असता आणि त्यांना निदान दहा वर्षं ती माणसं बघता आली असती. हे मी त्यानंतर किती वेळा स्वतःला ऐकवलं आहे. मावशी पुढे सहाच महिने होत्या. त्यांच्या पुतण्याने शोकेस गावी नेलं.

पण मला सर्वांत जास्त बोचतं ते वेगळंच. त्या दुपारी काचेवरचा हात न काढता त्या म्हणाल्या, "आता तुला स्वच्छ दिसतंय ना सगळं? मग सांग बघू, माझे अण्णा कसे दिसतायत?"

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. मी तिन्ही फळ्यांवरून नजर फिरवली. पंधरा वर्षं मी त्या माणसांच्या डोक्यावर दिवे चढवत आणि उतरवत होतो, पण बेचाळिसांपैकी कोण कोण आहे हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

"मावशी," मी म्हटलं, "यात अण्णा कोणते?"

मग त्यांनी बोट उचललं आणि काचेवर बरोबर एका जागी टेकवलं.