खांबाचा फोटो

जगात जे जे वाकडं आहे ते सरळ करण्यासाठीच आपण जन्माला आलो, याबद्दल माझ्या मेहुण्यांना कधीही शंका नव्हती. मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले बंधू. राहायला सांगलीत, विश्रामबागेत. कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर, देवांच्या तसबिरी आणि जमलं तर यजमानांची कॉलरसुद्धा ते नीट करत. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अक्षता खिशात टाकून ते पुढे गेले, एका बाजूनं खाली आलेला अंतरपाट वर उचलून धरला आणि गुरुजींना म्हणाले, "आता चालू द्या."

अशा माणसानं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला, तेव्हा तमाम नातेवाइकांचे फोटो धोक्यात आले. सज्जनगडावर मी काढलेल्या फोटोतलं कलतं क्षितिज त्यांनी सरळ केलं, कडेला आलेलं माझं बोट कापलं, मळकट आभाळ निळं केलं. फोटो इतका सुंदर झाला की आम्ही तिथं गेलो होतो यावर बायकोचा विश्वास बसेना.

त्याच सुमारास कडेगावच्या माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, मला रानाचा फोटो काढायला सांगितलं. त्यांचा मुलगा फौजेत, दूर सरहद्दीवर; त्याला धाडायचा होता. माझा फोटो नेहमीप्रमाणे तिरका आणि अंधारा आला. मी तो मेहुण्यांकडे दिला. त्यांनी आठवडाभर श्वास रोखून माऊस धरला. बांध सरळ केला, ऊस हिरवागार केला आणि मधोमध आलेला विजेचा खांब, शेजारचा ऊस आणि आभाळ थोडंथोडं उचलून त्यावर लावत, पार झाकून टाकला. मग प्रिंट घेऊन मोठ्या हौसेनं माझ्याबरोबर कडेगावला आले.

तात्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.

"पाव्हणं, रान लय झ्याक दिसतंय. पन खांब कुठं गेला?"

खांबामुळे देखाव्याची कशी शोभा जात होती, ते मेहुण्यांनी सविस्तर समजावलं. तात्यांनी ऐकून घेतलं.

"आवं, पोराला त्योच तर दावायचा हुता."

विहिरीवर वीज यावी म्हणून तो मुलगा दर सुट्टीत वीज कचेरीत खेटे घालायचा. खांब आला तो त्याची सुट्टी संपल्यावर. त्यानं तो अजून पाहिलाच नव्हता.

 परतताना एसटीत समोरच्या सीटचं कव्हर दुमडलं होतं, ते मेहुण्यांनी तसंच राहू दिलं. घरी येऊन त्यांनी खांब परत आणला, चांगला ठळक केला. पण जमीन सरळ केल्यावर खांब कललेला आहे हे उघड झालं. हात शिवशिवत होते. शेवटी तात्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन करून तात्यांना फोनवर बोलावून घेतलं आणि खांब सरळ करू का, असं विचारलं.

तात्या म्हणाले, "वाकडाच हाय त्यो. वाकडाच धाडा."

तसाच धाडला.

त्यानंतर कुणीही फोटो आणला की मेहुणे आधी विचारायचे, "यात तुमचं काय आहे?" शेजारच्या एक आजी माहेरच्या नदीकाठाचा पुसट फोटो उजळायला घेऊन आल्या आणि दिवेलागणीपर्यंत सांगत बसल्या. मेहुणे ऐकत राहिले. उठताना आजींनी फोटो तसाच पिशवीत ठेवला.

मेहुणे जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझे फोटो अजून तिरकेच येतात. नातू फोनवर ते क्षणात सरळ करून देतो. यात माझं काय आहे, ते मात्र कुणी विचारत नाही.