राजीनामा दिल्यावर पुढे काय होतं?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, स्टाफरूममध्ये ज्याच्या शेजारच्या खुर्चीवर उभा जन्म काढला त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात, तर चुकीचं ओळखता.

गेल्या गुरुपौर्णिमेला डोंबिवलीत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, सगळं. माझा एक जुना विद्यार्थी, आता चांगल्या हुद्द्यावर आहे, माइकवर म्हणाला, "सरांनी आम्हाला प्रश्न विचारायला शिकवलं." टाळ्या पडल्या. माझं डोकं असं भणभणलं की शाल ओरबाडून फेकून द्यावीशी वाटली. मी शिकवलं? प्रश्न विचारायला? एका मुलीने एकदा मला वर्गात अडवलं, तर मी तिचं काय केलं — ठाऊक आहे तुम्हाला?

कल्याणला एका स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये मी राज्यशास्त्र शिकवतो. या गोष्टीला दहा वर्षं होत आली. त्या जूनमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान युरोपीय संघात राहण्याबद्दलचं सार्वमत हरले आणि त्यांनी राजीनामा देणार म्हणून जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी विचारलं, सर, आता पुढे काय? मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. "बघून उद्या सांगतो" — एवढंच म्हणायचं होतं. पण इतकी वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडून तेवढं निघत नाही. का निघत नाही? मी ठोकून दिलं, "पंतप्रधान गेला की तिथे सार्वत्रिक निवडणूक घ्यावीच लागते. लोक नवा पंतप्रधान निवडतात." सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं.

सुजाताने लिहिलं नाही. ती आंबिवलीहून यायची. वडील शहाडच्या एका कारखान्यात फिटर, आई घरी शिवणकाम करायची. ती उभी राहिली.

"सर, तसं नसतं बहुतेक. आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही कमिटीला मत देतो, चेअरमनला नाही. चेअरमन कमिटी ठरवते. तो मध्येच सोडून गेला तर कमिटी दुसरा करते, अख्ख्या बिल्डिंगला परत मतदानाला नाही बोलवत. तिकडे पण तसंच आहे ना?"

आणि मग तिने सगळं नीट मांडलं. तिथले लोक फक्त आपापल्या मतदारसंघाचा खासदार निवडतात. खालच्या सभागृहात ज्याच्या पाठीशी बहुमत, त्याला राणी सरकार बनवायला बोलावते. तो पायउतार झाला तर त्याचा पक्ष नवा नेता निवडतो आणि राणी त्याला बोलावते. निवडणूक पाच वर्षांच्या आत कधीतरी व्हायलाच हवी, पण नेता बदलला म्हणून लगेच व्हायला हवी असं नाही.

दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत वर्गाला जे कळलं, ते मला तासाभरात जमलं नसतं. मी म्हणालो, "खाली बस. गृहनिर्माण संस्था वेगळी आणि ब्रिटनची संसद वेगळी." वर्ग हसला. मीही हसलो.

घरी जाऊन पुस्तक उघडलं. तिचं बरोबर होतं. अक्षर न् अक्षर.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं, नाही का? आठवडाभर रोज सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

मग चाचणी आली. पुण्याच्या आमच्या निवासी तुकडीत एका मुलाला किंवा मुलीला फी माफ करून घ्यायचं होतं, त्यासाठीची चाचणी. सुजाताच्या वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं — ही जागा मिळाली तर दोन वर्षं अभ्यास कर, नाहीतर मिळेल त्या नोकरीचा फॉर्म भर. हे मला माहीत होतं. प्रवेशाच्या वेळी त्यांनीच हात जोडून सांगितलं होतं. राज्यशास्त्राचा पेपर मी काढला. त्यात पाच गुणांचा प्रश्न होता, 'ब्रिटनच्या पंतप्रधानांनी राजीनामा दिल्यावर पुढे काय होतं?' मुद्दाम घातला होता का? हो. मला बघायचं होतं, ती माझं उत्तर लिहिते की स्वतःचं.

तिने स्वतःचं लिहिलं. मी शून्य दिलं.

ज्या मुलाने माझं चुकीचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, त्याला पाच. सुजाताची जागा तीन गुणांनी गेली.

निकाल लागून दोन दिवस झाले आणि ब्रिटनला नव्या पंतप्रधान मिळाल्या. निवडणूक नाही, जनतेचं मतदान नाही, पक्षाने निवडल्या आणि राणीने बोलावलं. सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर. सुजाता ते पान घडी करून स्टाफरूममध्ये घेऊन आली. आम्ही तिघे शिक्षक चहा पीत होतो. ती भांडली नाही, रडली नाही. पान माझ्यासमोर टेबलावर ठेवून म्हणाली, "सर, एकदा परत बघाल का माझा पेपर?"

इथपर्यंत मी अनेकदा आलोय. मनातल्या मनात सांगताना इथेच थांबतो, आणि स्वतःला समजावतो की चूक झाली, अहंकार आडवा आला. शून्य दिलं, बदललं नाही, संपलं. पण संपत नाही. कारण त्यानंतर मी जे बोललो ते अहंकाराने वदवलेलं नव्हतं. ते माझ्या आत आधीपासून होतं.

मी म्हणालो, "तुम्हा लोकांचं बरं असतं गं. तुमचा कटऑफ तसाही खाली. पाच गुणांनी काय बिघडतंय तुझं?"

माझे दोघे सहकारी चहाच्या कपात हसले. राज्यघटना शिकवणारा माणूस मी! समतेचं कलम तोंडपाठ असलेला! सुजाताने ते पान उचललं, घडी परत नीट घातली आणि गेली. क्लासला पुन्हा आली नाही.

आणखी आहे. तीन वर्षांनी मी पुस्तक लिहिलं. तुमच्याही घरात कदाचित असेल, कल्याण-ठाण्यात बरंच खपतं. त्यातल्या ब्रिटनच्या प्रकरणात कमिटीचं आणि चेअरमनचं उदाहरण आहे. शब्द तिचे, क्रम तिचा. वर नाव माझं. पुढे तिथे एकाच वर्षात तीन पंतप्रधान झाले, मधे निवडणूक न होता, तेव्हा तर त्या प्रकरणाची वाहवा झाली. सर, किती सोपं करून सांगता तुम्ही! मी मान डोलवायचो.

या फेब्रुवारीत ठाण्याच्या खोपट स्टँडवरून भिवंडीची एसटी पकडली. कंडक्टर बाई तिकीट काढायला जवळ आल्या आणि थांबल्या.

"सर, ओळखलंत का? सुजाता. आंबिवलीची."

मी ओळखलं, म्हणालो. नोकरी कशी आहे, विचारलं. ठीक आहे, म्हणाली, कायम आहे. मशीनमधून तिकीट काढून माझ्या हातात दिलं.

"माझी भाची तुमचं पुस्तक वाचते. मी पण चाळलं. ब्रिटनचं चांगलं लिहिलंय, सर."

टोमणा होता का? तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायला मी मान वर केली नाही. बस भरलेली नव्हती. शेजारची जागा रिकामी होती. बस गं जरा, बोलायचंय — इतकं म्हणायला किती वेळ लागतो?

मी "थँक यू" म्हणालो. ती पुढच्या सीटकडे गेली.

मार्चमध्ये प्रकाशकाने नव्या आवृत्तीची प्रुफं पाठवली. काही बदल असतील तर कळवा, म्हणाले. ब्रिटनचं प्रकरण मी दोनदा वाचलं. एका ठिकाणी स्वल्पविराम चुकला होता. तो दुरुस्त केला, आणि छापायला पाठवून दिलं.