तक्रारीसाठी संपर्क

त्या सकाळीही तो कुणाला तरी सोलत बसला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलीच्या वह्या कोपराने बाजूला सारलेल्या, चहावर साय धरलेली, आणि याची दोन बोटं लॅपटॉपवर खिळे ठोकल्यासारखी चाललेली. तेवीस वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारा हा माणूस टाइप मात्र दोनच बोटांनी करायचा. "बोटं दोन, पण मार दहा बोटांचा," असं बायको म्हणायची.

रोज सात ते साडेसात तो तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर लिही. चार हजार लोक ते वाचत आणि त्याला 'कुऱ्हाड' म्हणत. ऑफिसातही तेच नाव पडलं होतं, आणि नको नको म्हणत त्याला ते आवडतही होतं. घडी होणारा फोन आला, घातली कुऱ्हाड. चष्म्यात कॅमेरा आला, घातली कुऱ्हाड. आजची बातमी मोठी होती. वर्षाअखेर सगळे प्रोग्राम यंत्रंच लिहिणार, प्रोग्रामर घरी बसणार.

"ऐक," तो गणवेशाला इस्त्री करणाऱ्या बायकोला म्हणाला. "'आमचं मरण आजवर सात वेळा जाहीर झालंय. सातही वेळा प्रेत उठून बसलं, आणि ज्याने जाहीर केलं त्याचाच बिघडलेला प्रोग्राम दुरुस्त करून आलं.' कसं आहे?"

"प्रेताला म्हणावं, आधी चहा पी."

कोपऱ्यात औषधाच्या गोळ्या वाराप्रमाणे डबीत भरत बसलेली आई म्हणाली, "रोज उठून कुणाचा तरी मुडदा पाडतोस. कधी कुणाबद्दल चार शब्द बरे लिही की रे."

"लिहिले ना! गेल्या महिन्यात दोनदा लिहिले."

ते खरं होतं. एकदा त्याने फोनमधल्या नव्या चाळणीचं कौतुक केलं होतं. अनोळखी नंबर आला की ही चाळणी घंटीसुद्धा वाजू न देता तो परस्पर कापते, आणि माणसाला सकाळ परत मिळते. दुसऱ्यांदा चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांचं. त्याची कंपनी टॅक्सीवाल्यांना भाडी मिळवून देणारं ॲप चालवायची. रोज कामाला लागण्याआधी ड्रायव्हरने फोनसमोर चेहरा धरायचा. यंत्राला पटला तर दिवस सुरू, नाही पटला तर घरी. ते सगळं त्यानेच बांधलं होतं. 'माणूस तपासायला बसवला की त्याचा मेहुणा आधी आत जातो,' त्याने लिहिलं होतं. 'यंत्राला मेहुणा नसतो.' हे वाक्य लोकांनी इतकं डोक्यावर घेतलं की ऑफिसात कुणीतरी ते छापून भिंतीवर लावलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल होती, चांगली वाजायचीही. पण थापच पडली, आणि तीही हाताची नव्हे, लोखंडाची.

"कोण आहे एवढं?" म्हणत तोच उठला.

दारात एक माणूस उभा होता. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत टाके, डोळा सुजून बंद झालेला, ओठ एका बाजूला ओढलेला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चाकाचे नट खोलायचा पाना.

"हे तुम्हीच ना?" त्याने फोन पुढे केला.

"काय आहे ते?"

"मी टॅक्सी चालवतो. एका प्रवाशाने बाटली फोडून तोंडावर मारली. टाके घालून कामावर आलो, तर हा फोन म्हणतो चेहरा जुळत नाही. एकोणीस दिवस झाले. एकसष्ट फोन केले तुम्हाला. एकसुद्धा उचलला नाहीत."

"मला? मला कुठे फोन आले?" तो आत वळत म्हणाला. माणूस मागोमाग आत आला. याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, दोन-तीन बटणं दाबून ॲप तपासलं, हिरवी खूण आली. आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य गेलं, जे या धंद्यातल्या माणसाच्या तोंडून झोपेतही जातं, आणि जे ऐकून आजवर कुणाचंही भलं झालेलं नाही.

"माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय."

माणूस एक पाऊल पुढे आला.

"तुझ्याकडे चालतंय?" तो म्हणाला. "चालतंय होय तुझ्याकडे?"

पाना वर गेला तो कुणाला दिसलाच नाही. खाली आला तो मात्र सगळ्यांनी ऐकला. उजवा हात बटणांवरच होता. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही लॅपटॉपमध्ये घुसल्यासारखी चपटी झाली, आणि बटणं दाण्यांसारखी घरभर उडाली. दुसरा घाव पडद्यावर बसला. तिसरा टेबलावर, कारण तोवर हा खुर्चीसकट खाली पडला होता. त्याला स्वतःची किंकाळी दुसऱ्या कुणाची तरी वाटली. पांढरं काहीतरी बोटातून बाहेर आलंय आणि ते आपलंच हाड आहे, हे त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा माणूस चौथ्यांदा पाना उचलत होता.

बायकोने हातातली इस्त्री तशीच फेकली. तापलेली इस्त्री माणसाच्या खांद्यावर बसली, कातडं चरचरलं, जळका वास सुटला. तो ओरडून मागे फिरला. आईने मुलीला ओढून न्हाणीघरात कोंडलं आणि बाहेरून कडी घालून दाराला पाठ लावून उभी राहिली, हातात गोळ्यांची डबी घट्ट धरून, जणू तेच शस्त्र.

मग समोरच्या दारातला पैलवान आला. व्यायामशाळेत लोकांना वजनं उचलायला शिकवणारा हा शेजारी एरवी मांजराला वाट देणारा. पण रक्त पाहिलं आणि त्याचा तोल गेला. त्याने माणसाला मानेला धरून जिन्याच्या कठड्यावर आपटलं. वरचे दोघे, खालचे दोघे धावून आले. सोडवायला कुणीच नव्हतं. ज्याचा त्याचा पाय मोकळा होता. पाना केव्हाच पायऱ्यांवरून खणखणत खाली गेला होता, तरी लाथा थांबेनात. टाके उसवले. गालाची एक बाजू उघडली आणि आतले दात दिसू लागले.

बायकोच्या पायाला फोन लागला. त्या माणसाचा. काच तडकली होती, अक्षरं शाबूत होती. तिने वाचलं, आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

"अरे... 'तक्रारीसाठी संपर्क.' पुढे तुझं नाव आहे. तुझा नंबर. आणि पत्ता आपला आहे. मजल्यासकट."

हात छातीशी धरून पडल्या पडल्या त्याला सगळं आठवलं. सात महिन्यांपूर्वीची दुपार. ॲपमधला तो तक्रारीचा पडदा तपासून बघायचा होता, संपर्काची जागा रिकामी चालत नव्हती, म्हणून त्याने पटकन स्वतःचंच नाव-गाव भरलं. शेजारी स्वतःसाठी टीप लिहिली, 'तात्पुरतं आहे, नंतर बदलणे.' नंतर तक्रार विभागाचा नंबर तिथे आला आणि याचं नाव त्याच्याखाली गाडलं गेलं. तीन आठवड्यांपूर्वी कंपनीने तक्रार विभागच बंद केला. कुणीतरी तो नंबर पुसला, आणि गाडलेलं वर आलं. आणि फोन? फोन येतच होते. चाळणी ते घंटी न वाजू देता कापत होती. याची सकाळ याला परत मिळत होती.

"थांबा!" तो ओरडला. जिन्यात कुणी ऐकलं नाही. तो उठला, भिंतीला रक्ताचा पंजा उमटवत बाहेर गेला आणि सरळ त्या माणसाच्या अंगावर पालथा पडला. वरच्या मजल्यावरच्याची लाथ याच्या बरगडीत बसली. काहीतरी मोडल्याचा आवाज आतून आला.

"अहो, बाजूला व्हा!" पैलवान ओरडला. "तुम्हाला कळतंय का, तुमचा हात तोडलाय त्याने!"

"कळतंय," तो म्हणाला. "चूक माझी आहे. मारायचं तर मला मारा."

कुणी मारलं नाही. मारायची इच्छा एकदा थंडावली की माणसं आपापल्या चपला शोधायला लागतात.

इस्पितळात दोघांना एकाच खोलीत ठेवलं. जागाच तेवढी होती. मध्ये कापडी पडदा, पडद्याशी खुर्चीवर एक पोलीस. पलीकडे गालाला पुन्हा टाके घालत होते. माणूस कण्हत नव्हता, फक्त श्वास जोरात घेत होता. अलीकडे याच्या हाताला प्लास्टर. मधलं बोट वाचेल, तर्जनीचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाली.

"दोनच तर वापरायचास," बायको म्हणाली. तिला हसायचं होतं, पण रडू आलं.

आईने पोतडीतून त्याचा फोन काढून दिला. डाव्या अंगठ्याने त्याने चाळणीची यादी उघडली. कापलेले कॉल, तीनशे बारा. बहुतेक सकाळी पाच ते आठमधले, म्हणजे कामाला लागायच्या वेळचे. तो यादी सरकवत राहिला, संपेचना. मग त्याने चाळणी बंद केली. दोन मिनिटांत फोन वाजला.

"हॅलो?" एका बाईचा आवाज. "अहो, तुम्ही माणूस आहात का? की परत तेच, एक दाबा, दोन दाबा?"

"माणूस आहे," तो म्हणाला. "बोला."

ती बोलली. केस कापलेत, यंत्र ओळखत नाही, आज आठवा दिवस. त्याने नंबर सांगायला लावला. बायकोने औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतला. पडद्यापलीकडचा श्वास मध्येच थांबला होता. तो माणूस ऐकत होता.

दुपारी मॅनेजरबाई आल्या. याच्या ऑफिसातल्या वरिष्ठ. घाईच्या, हुशार, मनाने वाईट नव्हेत. प्लास्टर बघून त्यांनी डोळे मिटले.

"तू फक्त बरा हो. बाकी सगळं मार्गी लावलंय. त्या माणसाचं खातं कायमचं बंद केलंय. आणि तुझा पत्ता, नंबर, नाव, संध्याकाळपर्यंत सगळं निघेल. मी माणूस बसवलाय त्यावर."

"मग तिथे काय येईल?"

"कुठे?"

"ॲपच्या त्या पडद्यावर. माझ्या जागी."

"'कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.' सध्या तरी. तात्पुरतं."

तो शब्द ऐकून आईने कपाळाला हात लावला. तिला सकाळपासूनची सगळी हकीकत सांगून झाली होती.

त्याने मधल्या कापडी पडद्याकडे मान केली. "त्याचा चेहरा एकदा बघून जा. आलाच आहात तर."

"मी कशाला बघू?"

"एकोणीस दिवस कुणी बघितला नाही म्हणून."

मॅनेजरबाई जागच्या हलल्या नाहीत. पण पोलिसाने, का कोण जाणे, पडदा हातभर बाजूला केला. उघड्या डोळ्याने तो माणूस त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी बघितलं, आणि मान खाली घातली. फोन पुन्हा वाजायला लागला. नवाच नंबर. बायकोने चिठ्ठी आणि पेन जवळ घेतलं.

"त्याच्या खात्याचं मी आठवड्याने भांडेन तुमच्याशी," तो म्हणाला. "मारलं ते त्याने मारलंच, त्याचं पोलीस बघतील. आज एकच मागतो."

"बोल."

"घराचा पत्ता काढून टाका. नंबर माझाच राहू द्या."