नावाड्याचं न लिहिलेलं वाक्य

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते... आणि खरं सांगू? हसायलाच वाचते. रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतला पंखा – प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर तयार असतं. झोप झालेली नसते, नाहीतर वायरिंग खराब असतं. आत्मा, संकेत वगैरे मी मानत नाही. आजही नाही... बहुतेक. हे 'बहुतेक' गेल्या हिवाळ्यात आलं, तेही भर दुपारी, जेवण करून बसले असताना.

मी अश्विनी. पुण्यातल्या एका छोट्या गेम स्टुडिओत मराठी संवाद आणि प्रसंग लिहिते. आमची 'मेघवाट' नावाची गेमची मालिका आहे, तीन भागांची. ढगांत बुडालेल्या डोंगरांतून एक वाटसरू हरवलेलं गाव शोधत फिरतो. खेळणारा एकटाच, सोबतीला कुणी नाही. लोकांनी या मालिकेला इतका जीव लावला की काय सांगू! या गेममधली सगळ्यांची आवडती जागा म्हणजे धुक्यातली नदी. तिथे एक नावाडी भेटतो आणि म्हणतो, "आला का बाप्पा? तुयीच वाट पाहून राह्यलो होतो. बस." बस्स, एवढंच. पण ते ऐकून रडलेल्या लोकांचे मेसेज आम्हाला येतात.

तो आवाज माझ्या काकांचा. भाऊकाका मारेगावचे. कापूस, तूर, सोयाबीनची शेती – पण गावात ओळख क्रिकेटच्या मॅचमुळे. टेनिस बॉलची टूर्नामेंट असली की माइक काकांच्याच हातात. "बॉल गेला बाप्पा तुरीत, आता शोधत बसा!" अशी कॉमेंट्री. आमचा साउंडवाला केदार एकदा माझ्यासोबत मारेगावला आला, तेव्हा त्याने त्यांना ऐकलं आणि हट्टच धरला. वेचणी झाली की काकांच्या घरची मागची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरते. केदारने तिथे टाळी वाजवून पाहिली, तर आवाज जागीच विरला. मग त्याच कापसात बसून काकांनी तिन्ही भागांचं रेकॉर्डिंग केलं. बाहेर आले की डोक्यापासून पायापर्यंत पांढरे!

काका दोन वर्षांपूर्वी गेले. आजारपण फार नाही, झोपेतच गेले.

त्यानंतर स्टुडिओने ठरवलं की 'मेघवाट' आता ऑनलाइन करायची. एकाच जगात हजारो लोक एकत्र खेळणार. ऐकायला मस्त वाटतं, पण अडचण पहिल्याच चाचणीत कळली. नदीच्या काठावर पन्नास जणांची रांग, आणि नावाडी प्रत्येकाला सांगतोय, "तुयीच वाट पाहून राह्यलो होतो." लोक हसून हसून लोळले. ज्या प्रसंगाने माणसं रडायची त्याचा तमाशा झाला. एकट्यासाठी बांधलेलं जग गर्दीला पुरेना.

आमचा टीम लीड निखिल म्हणाला, "एक नवं वाक्य लागेल. AI ने काकांचा आवाज करता येईल, पण घरच्यांची परवानगी हवी."

म्हणून मी मारेगावला गेले. तसंही काही आठवडे तिथूनच काम करणार होते. काकू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाई. त्याचं बोलनं झालं ते झालं. मशीननं त्याच्या तोंडात शब्द टाकाचे नाई."

"पण काकू, मग तो नावाडी काढूनच टाकावा लागेल."

"मंग काढ."

विषय संपला. पुन्हा शेंगा सोलायला लागली. निखिलला सांगितलं, तो म्हणाला ठीक आहे, नदीवर पूल बांधू. तो प्रसंग माझा होता, त्यामुळे नावाड्याला मीच काढलं. नाव काढली, आवाजाच्या फाइली काढल्या, पूल ठेवला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

दोन दिवसांनी चाचणी होती. मी मारेगावात वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेले, बाकीचे पुण्यात. निखिल, केदार, आमची टेस्टर सायली आणि आणखी तिघं. सगळे हेडफोन लावून कॉलवर. ऊन खिडकीतून पायावर येत होतं, खाली काकूचा टीव्ही चालू होता. भीती वाटावी असं काहीसुद्धा नव्हतं तिथे.

गेममध्ये आम्ही सगळे डोंगर उतरून नदीवर आलो. पूल नव्हता.

नाव होती. आणि मी काढून टाकलेल्या नावेपेक्षा कितीतरी मोठी... दहा-पंधरा माणसं आरामात बसतील एवढी. टोकाला नावाडी उभा, नेहमीसारखा पाठमोरा. तो वळला आणि म्हणाला –

"या, या... सगळेच आले वाटते! बसा. एकटं कोनी राहू नका. नाव मोठी केली म्या."

माझा हात माउसवरच राहिला. काकांचा आवाज. तोच मॅच सुरू होण्याआधीचा खुशीतला सूर.

बाकीच्यांना वाटलं, मीच हे गुपचूप करून ठेवलंय. सगळे नावेत बसले. सायलीला सवय आहे, कुठेही उभी राहिली की तिचं पात्र उड्या मारत राहतं. इथेही तिने सुरू केलं. नावाडी तिच्याकडे बघून म्हणाला, "ओ बाई, उड्या नोको मारू. नाव आहे, पलंग नाई!"

कॉलवर हशा पिकला. सायली म्हणाली, "सॉरी काका!" आणि खरंच थांबली. नाव पैलतीराला लागली, आम्ही उतरलो. मागे पाहिलं तर नुसतं धुकं.

"अश्विनी, काय जबरदस्त केलंस गं!" निखिल म्हणाला. "कधी केलंस हे?"

मी म्हटलं, "मी नाही केलं."

आधी कुणाला खरं वाटेना. लगेच पुन्हा खेळ सुरू केला... पूल. परत केला... पूलच. सर्व्हरवर शोधलं, तर नाव नाही, नावाडी नाही, त्या वाक्याची फाइल नाही. आणि नावाड्याला उड्या दिसाव्यात अशी सोय आम्ही गेममध्ये केलेलीच नव्हती! पण सायली दर चाचणीला स्क्रीन रेकॉर्ड करते. त्या रेकॉर्डिंगमध्ये सगळं आहे. नाव, आवाज, पलंग – सगळं.

तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही आलं. केदार! आवाज त्याच्या ताब्यात, AI त्याला येतं. मी त्याला वेगळा फोन लावला आणि सरळ विचारलं.

तो म्हणाला, "काकूंनी नाही म्हटल्यावर मी हात लावेन? त्यांच्या हातची भाकर खाल्लीय मी." त्याचा आवाज इतका दुखावलेला होता की मला पुढे बोलवेना.

राहिलं काकूला सांगणं. तिला वाटणार, हिने माझं न ऐकता केलंच शेवटी. पण लपवणंही बरोबर नव्हतं. खाली गेले, टीव्ही बंद केला आणि तिच्या कानाला हेडफोन लावले.

तिने ऐकलं. बोटाने खूण केली – परत लाव. परत लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना ती खुदकन हसली, आणि मग पदर तोंडाला लावून हसतच सुटली.

"काय झालं काकू?"

"अवं शिटी वाजून राह्यली ना! 'बसा' म्हनते तवा आयक. कवळीची शिटी आहे ते."

मी कान देऊन ऐकलं. 'बसा'मधल्या 'स'ला बारीकशी शिट्टी होती.

"कवळी कधी बसवली होती काकांनी?"

"तुमचं ते कापसातलं काम सरल्यावर. डाक्तरनं नीट नाई बसवली. त्याले लाज वाटे. पोट्टे हासतीन म्हनून माइक सोडला त्यानं... फोनवर बी बोलत नव्हता."

हे मी केदारला सांगितलं तेव्हा त्यानेच मला त्याचा अर्थ समजावला. नक्कल करायला मूळ आवाज लागतो. आमच्याकडचं काकांचं सगळं रेकॉर्डिंग कवळीच्या आधीचं. शिट्टीवाल्या आवाजाचा एक शब्दही कुणाकडे नव्हता, आणि तो आवाज घरातल्या माणसांपलीकडे फारसा कुणी ऐकलाही नव्हता. मी स्वतः पुण्यात होते, मलाही माहीत नव्हतं.

पूल आम्ही पाडला. निखिल अजून 'बग' म्हणतो, पण पूल पाडायला त्यानेच सांगितलं. मोठी नाव परत केली, अगदी रेकॉर्डिंगमध्ये दिसते तशी. ते वाक्य मात्र वापरायचं की नाही, हे काकूवर सोडलं. ती म्हणाली, "तो तुमच्यासंग बोलला ना? मंग ते तुमचंच ठेवा. गेममंदी मी बोलतो. मले का तोंड नाई?"

आता 'मेघवाट ऑनलाइन' सुरू झालंय आणि नावेवर नावाडीण आहे. जो येईल त्याला ती रागावते – "चप्पल काढून बस", "मांगच्यांना जागा दे". लोक तिच्यावर फिदा आहेत. काय बोलायचं ते काकूने स्वतःच ठरवलं, माझा एक शब्दही ठेवला नाही.

हे सुरू झालं त्या सकाळी तिने मला लॅपटॉप आणायला लावला. चष्मा पुसला, खुर्ची ओढली. मी तिच्यासाठी एक वाटसरू बनवून दिला, बाणाची बटणं दाखवली. नदीकाठी ही गर्दी! काकूचा वाटसरू दोनदा झाडाला धडकला, एकदा पाण्यात गेला, पण शेवटी नावेत चढला.

मी न राहवून विचारलं, "काकू, तुला काय वाटतं? त्या दिवशी नेमकं काय झालं असेल?"

"मले काय मालूम?" स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली. "सगळे बसा म्हनला ना तो? त्या सगळ्यात मी आलीच की."

मलाही याहून जास्त काही माहीत नाही. रेकॉर्डिंग आहे, आवाज आहे, ऐकणारी माणसं आहेत. ते कुठून आलं, हे सांगणारं अजून कुणी भेटलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा... काकूला मी वाचून दाखवेन.