खड्यांच्या ऑपरेशनआधी केलेलं मृत्युपत्र

पित्ताशयातले खडे काढायचं ठरलं आणि मी तडक मृत्युपत्र करायला घेतलं. "दुसऱ्या दिवशी घरी जाल," असं डॉक्टर म्हणाले होते. पण किती घाबरावं, याला आमच्या घराण्यात मर्यादा नाही.

खरी काळजी नाशिकच्या फ्लॅटची होती. तो माझ्या नावावर, आणि त्यात माझी मोठी बहीण राहते. लग्न केलं नाही, शाळेतली नोकरी करून निवृत्त झाली. मी गेलो तर फ्लॅट बायकोचा आणि मुलीचा. ताईला कायद्याने काहीच नाही. त्यात ताईचं आणि माझ्या बायकोचं गेली वीस वर्षं जेमतेम जमतं.

ऑपरेशन रविवारी होतं. त्याआधीचा आठवडा मी मृत्युपत्रांबद्दल मिळेल ते वाचत होतो, आणि वाचता वाचता पाचशे वर्षांपूर्वीच्या उत्तर जर्मनीतल्या एका बंदरात पोचलो. तिथले व्यापारी समुद्रावर निघण्याआधी मृत्युपत्र करत. स्वतः कमावलेलं मनाप्रमाणे द्यावं. वाडवडिलांकडून आलेल्याला हात लावायचा तर वारसांची संमती हवी. आपलं स्वकष्टार्जित-वडिलोपार्जित तेच. साक्षीला नगरसभेचे दोन सभासद. शिवाय गावच्या रस्त्यांसाठी थोडं काहीतरी ठेवायची रीत. मला ते व्यापारी फार जवळचे वाटले. ते बिचारे वादळात निघायचे आणि मी दुर्बिणीच्या ऑपरेशनला, एवढाच काय तो फरक.

फ्लॅट माझ्या इथल्या, आखातातल्या पगारातून घेतलेला, म्हणजे तो प्रश्न मिटला. मी इंग्रजीत वकिली थाटाची दोन पानं तयार केली. ताईने तहहयात तिथे राहावं, हे कलम लॉकर आणि जुनी गाडी यांच्या मध्ये दडवलं. बायकोला तोंडाने सांगायची छाती नव्हती.

शुक्रवारी साक्षीदार यायचे होते: मेसईदच्या कारखान्यात काम करणारा माझा साताऱ्याचा मित्र आणि आमच्याच इमारतीतले वरच्या मजल्यावरचे काका. सकाळी बायकोने कॅलेंडर पाहिलं. "साडेदहाला राहुकाळ लागतोय. आधीच सही करून मोकळे व्हा." मी झालो.

मित्र अकराला आला, काकाही खाली उतरले. कागद पाहून त्याने पेन खाली ठेवलं.

"सही कधी केलीस?"

"मघाशी."

"मग मी काय बघितलं? नुसता चहाला आलोय का मी?"

"खाली अजून एक करतो की!"

"आणि उद्या कोर्टात विचारतील, दुसरी सही मेल्यावर उठून केली का म्हणून!"

(एक वकील नंतर म्हणाले, 'सही माझीच आहे' एवढं साक्षीदारांसमोर सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण तेव्हा आम्ही तिघंही कायदेपंडित होतो.)

प्रिंटरची शाई संपलेली, दुकानं जुम्याच्या नमाजापर्यंत बंद. काका म्हणाले, "साध्या कागदावर हाताने लिहा. मराठीत लिहा, चालतं."

"राहुकाळात?" बायको म्हणाली.

"यल्ला, चला वहिनी, मला दोनला ड्यूटी आहे!" मित्र म्हणाला.

"बरं, मग मोठ्याने वाचत लिहा. काय देताय ते मलाही कळू दे."

मी लिहू लागलो. लॉकर झाला. मग पुढचं कलम. "माझी मोठी बहीण... हयात असेपर्यंत... नाशिकच्या घरात राहील."

बायकोने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला.

"एवढंच?"

"म्हणजे?"

"राहील म्हणजे काय, पाहुणी म्हणून? त्यांना विचारल्याशिवाय घर विकायचं नाही, असं लिहा. उद्या जावई आला आणि म्हणाला, आत्याबाई दुसरीकडे बघा, तर वन्संनी जायचं कुठे?"

"तुला चालेल?"

"अहो, भांडायला तरी त्या एका जागी असायला हव्यात ना!"

मित्र एवढ्या जोरात हसला की काकांच्या बशीत चहा सांडला. मी बायकोचं 'विचारल्याशिवाय विकायचं नाही' हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं, दोघांच्या डोळ्यांसमोर सही केली, मग त्यांनी केल्या. आठवडाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. खडे तेवढे जागेवर होते.

मित्र मेसईदला निघाल्यावर मी ताईला फोन करून सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "बरं झालं. स्वयंपाकघराच्या खिडकीला नवी जाळी बसवायची होती, थांबले होते. उद्याच माणसाला बोलावते."