खुर्चीतल्या माणसाचं मत

दाताच्या दवाखान्यातल्या ताईंना उलट उत्तर कुणी देत नसे. देणार कसं? ज्यांच्याशी त्या बोलत, ती माणसं खुर्चीत आडवी, आ वासलेली, गालात कापसाचे बोळे घेतलेली असत. डॉक्टरीणबाई दाढ कोरायच्या, ताई लाळ ओढायची नळी धरायच्या आणि नळीच्या घुरघुरीवर आवाज चढवून, काल काय पाहिलं, काय वाचलं ते सांगायच्या.

"ती पोलीसबाईची नवी मालिका बघताय का? पहिले दोन भाग झकास. मग नुसतं रबर ताणलंय. बाई झोपत नाही, जेवत नाही, दात घासणं तर सोडाच. तरी दात कसे, मोत्यासारखे. म्हटलं, एकदा आमच्याकडे येऊन दाखव."

खुर्चीतला माणूस "आं" म्हणायचा. ताई तो होकार धरून चालत. घाबरलेल्या पेशंटचं लक्ष दुसरीकडे वळतं म्हणून डॉक्टरीणबाईही काही म्हणत नसत. घरी नवऱ्याला पुस्तक म्हणजे झोपेचं औषध आणि लेक मोबाईलमधून मान वर न काढता "हं" म्हणायची. एकूण काय, ताईंची मतं वर्षानुवर्षं बिनविरोध निवडून येत होती.

मग ड्रायव्हरकाका आले. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, बुटके, स्वच्छ इस्त्रीचे. त्यांच्या दाढेचं रूट कॅनाल करायचं होतं. "दुखलं तर डावा हात वर करा," डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे सांगितलं.

ताईंनी तेव्हा वाचनालयातून दोन बहिणींची कादंबरी आणली होती. धाकटी घर सोडून जाते, मोठी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं करत राहते. वडील गेल्यावर धाकटी येऊन दार वाजवते. मोठी आतून ऐकते आणि उघडत नाही. पुस्तक तिथेच संपतं.

"बरोबर केलं मोठीने," ताई नळी सावरत म्हणाल्या. "इतकी वर्षं कुठे होती ही? फोनवरून काळजी करायला काय जातंय?"

ताईंच्याही वडिलांचं सगळं ताईंनीच केलं होतं. धाकट्या बहिणीचा दुरून फोन आला की अजूनही त्या "कामात आहे गं" म्हणून ठेवून देत.

काकांचा डावा हात वर गेला. डॉक्टरीणबाईंनी यंत्र थांबवलं. "दुखतंय?"

काकांनी मानेनेच नाही म्हटलं, ताईंकडे बोट दाखवलं आणि तेच बोट नाही-नाही असं हलवलं.

"पुस्तकाबद्दल?"

काकांनी डोळे मिटून होकार दिला.

"काका, हात फक्त दुखण्यासाठी आहे हो."

उठल्यावर त्यांनी बोलायचा प्रयत्न केला, पण ओठ बधिर झालेला. "मोफी जी आहे ना..." इतकं झालं आणि हनुवटीवर लाळ आली. काका ओशाळून, रुमाल तोंडाला लावून निघून गेले.

ताईंना दिवसभर चुटपुट लागून राहिली. या माणसाने पुस्तक वाचलं होतं आणि त्याला ते पटलं नव्हतं. काय पटलं नव्हतं? पुढच्या खेपेला त्यांनी मोठीची बाजू नीट मांडायला घेतली. हात पुन्हा वर गेला. डॉक्टरीणबाईंनी यंत्र खाली ठेवलं. "ताई, या खुर्चीत आजपासून कथा-कादंबऱ्या बंद. माझा हात हलला तर यांची जीभ जायची."

शेवटच्या खेपेला फक्त कॅप बसवायची होती. ताई गप्प राहिल्या. बेसिनचा नळ ठिबकताना ऐकू येत होता. आज दाढ पुरी झाली की या माणसाला इथे यायचं कारणच उरणार नव्हतं. दिव्याखालून काका त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी हात वर केला.

"आता काय? आज तर त्या अवाक्षर बोलल्या नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकांनी चार बोटांची आणि अंगठ्याची चोचीसारखी उघडझाप करून दाखवली. डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "बोला हो ताई. नाहीतर हे कॅप बसवू द्यायचे नाहीत."

"पुस्तक परत केलं मी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा वाचून."

कॅप बसली. वर कापूस देऊन "दात घट्ट मिटून बाहेर बसा, बोलू नका" असं काकांना सांगितलं गेलं. पुढची पेशंट रडवेली कॉलेजातली मुलगी होती. ताईंनी तिला पोलीसबाईची गोष्ट सांगितली, पण त्यांचा एक कान दाराकडे होता.

मुलीला सोडायला त्या बाहेर आल्या तेव्हा काका बाकावरच होते. कापूस कधीच काढून टाकलेला. डॉक्टरीणबाई डबा उघडून आत बसल्या.

"बसा," काका म्हणाले. "आता माझी पाळी. मध्ये बोलायचं नाही."

"आणि बोलले तर?"

"दुखलं तर हात वर करा."

ताई बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या.

"बसचं दार माझ्या हाताशी असायचं," काका म्हणाले. "उशिरा धावत येणारा आरशात दिसतो. राग येतो हो. वेळेवर आलेल्यांनी काय घोडं मारलंय? कधीकधी नाही उघडायचो दार. पण मग पुढचा सगळा रस्ता नजर आरशातच. तो बिचारा मागच्या बसने केव्हाच घरी पोचलेला असतो. त्या मोठीचं मला तसं वाटलं. धाकटी गेली असेल आपल्या वाटेने. ही मात्र अजून दारामागे उभी आहे."

ताईंनी मांडीवरच्या हातमोज्यांची घडी घातली, पुन्हा मोडली. मग डावा हात जरासा वर केला.

"दुखलं?"

"थोडं."

"थांबू?"

"नको," ताई म्हणाल्या. "पण तिने वडिलांचं इतकं केलं, त्याचं काय, तेही सांगा. ते तुम्ही गाळलंत."

काका बाकावर त्यांच्याकडे वळून बसले. "ते गाळलं खरं," ते म्हणाले.